सोनोग्राफीत जिवंत पेशी ओळखता येतील का? शेवाळातल्या हवेच्या कुप्यांबद्दल

सोनोवाली

नमस्कार मंडळी. मी सोनोलॉजिस्ट आहे, एकोणीस वर्षं झाली प्रोब हातात धरून, दिवसाला तीस-चाळीस पेशंट असतात, त्यामुळे हा विषय मला फार आतून लागलाय. इथे मायक्रोबायोलॉजीवाले, इंजिनियर वगैरे बरेच जण आहेत, त्यांनीही लिहावं म्हणून धागा काढतेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी आमच्या मशीनला काय दिसत नाही ते सांगते. गाठ दिसते, तिची साइज, कडा, आत रक्त किती फिरतंय सगळं दिसतं, पण त्या पेशी जिवंत किती आणि मेलेल्या किती, केमो लागू पडतेय का, हे करड्या रंगाच्या छटांवरून सांगता येत नाही. मागे एका पेशंटची गाठ तीन आठवड्यांनी जशीच्या तशी होती, मी 'फारसा बदल नाही' असा रिपोर्ट दिला, ते कुटुंब माझ्यासमोर रडलं, आणि ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीत कळलं की गाठीतल्या बहुतेक पेशी आधीच मेलेल्या होत्या. रिपोर्टात चूक नव्हती, साइज खरंच तेवढीच होती. पण तेव्हापासून डोक्यात आहे की आतल्या पेशींनीच काहीतरी खूण द्यायला हवी.

प्रकाशात अशी खूण आहे. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन, ज्याच्या शोधाला २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. त्याचं जीन पेशीत घातलं की पेशी चमकते. पण प्रकाश मांसात जेमतेम मिलिमीटरभर नीट जातो, पुढे विखरून जातो. आवाज मात्र कित्येक सेंटिमीटर जातो. मग आवाजासाठी असं प्रोटीन का नाही?

तर आहे! आणि ते शेवाळातलं आहे. तळ्यावर हिरवी साय धरते ना, ती निळी-हिरवी शेवाळ म्हणजे खरं तर बॅक्टेरिया, आणि त्यांना उन्हासाठी वर तरंगायचं असतं. त्यासाठी ते पेशीच्या आत प्रोटीनच्या पोकळ कुप्या बांधतात. इंग्रजीत गॅस व्हेसिकल म्हणतात, मी कुपीच म्हणणार आहे. मधे नळकांडं, दोन्ही टोकांना निमुळती. ॲनाबिना नावाच्या शेवाळातली कुपी साधारण ५०० नॅनोमीटर लांब, ८५ नॅनोमीटर जाड, आणि तिची भिंत २-३ नॅनोमीटर. आत फक्त हवा.

सोनोलॉजिस्टला हवा म्हणजे दुश्मन. पोटात गॅस धरला की स्वादुपिंड दिसतच नाही, पेशंटला उपाशीपोटी बोलावतो त्यातलं एक कारण तेच. पण हवा आड येते कारण हवेवरून आवाज सगळ्यात जोरात परत येतो! म्हणजे जी गोष्ट रोज माझं काम बिघडवते तीच पेशीच्या आत मोजून-मापून ठेवली तर ती पेशी पडद्यावर उठून दिसणार. हे वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही.

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकचे मिखाईल शापिरो यांच्या टीमने २०१४ मध्ये दाखवलं की या कुप्या सोनोग्राफीत दिसतात. २०१८ मध्ये कुप्या बांधायची जीन्स आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरियात घालून ते बॅक्टेरिया उंदराच्या पोटात सोनोग्राफीने पाहिले, १०० मायक्रॉनपेक्षा बारीक तपशिलात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, १००० नॅनोमीटर). आणि २०१९ मध्ये तर माणसाच्या पेशींच्या एका लॅबमधल्या वाणात नऊ जीन्स घालून त्या पेशींकडून कुप्या बांधून घेतल्या. बॅक्टेरियाची वस्तू आपल्या पेशीने बांधली!

इलाजाचीही बाजू आहे, ती प्रतिसादांत लिहीन. आत्ता ओपीडी.

नाचणीची_भाकर

वाह, काय विषय आणलात. वाचतेय. एक शंका, आत्ताही सोनोग्राफीत कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात ना, त्यातही बुडबुडेच असतात असं ऐकलं होतं. मग यात नवीन काय?

सोनोवाली

बरोबर ऐकलंयत. ते मायक्रोबबल्स, साधारण लाल रक्तपेशीच्या आकाराचे किंवा लहान, आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा जड गॅस आणि बाहेरून स्निग्ध पदार्थाचं पातळ कवच. लिव्हरच्या गाठींसाठी फार उपयोगी. पण काही मिनिटांत विरतात, आणि आकारामुळे रक्तवाहिनीच्या बाहेर जात नाहीत, म्हणजे रस्ते दिसतात, घरात कोण राहतं ते नाही. कुपी त्याहून कितीतरी लहान, आणि मुख्य म्हणजे ती टोचावीच लागते असं नाही, पेशी स्वतः बांधू शकते. पेशी दुप्पट झाली की पुढची पिढीही बांधते.

बॉयलरमन

मी प्रेशर व्हेसल डिझाइनमध्ये आहे त्यामुळे माझा प्रश्न वेगळाय. ८५ व्यास आणि २ जाडी म्हणजे चाळीसास एक. एवढ्या पातळ नळकांड्यात गॅस दाबून भरलाय म्हणजे ते फुटायला हवं. आणि गॅस गळत कसा नाही?

मिठागर

बॉयलरमन साहेब, दाबून भरलेलाच नाही, गंमत तीच आहे. (मी मायक्रोबायोलॉजी, मीठप्रेमी जीवांवर काम.) फुग्याचा विचार डोक्यातून काढा. फुगा आधी असतो मग हवा भरतो, इथे भिंत बांधतानाच पोकळी मोठी होत जाते, प्रोटीनचे एकावर एक थर चढतात, टोपली विणल्यासारखे. भिंतीचा आतला पृष्ठभाग पाण्याला इतका नकोसा करणारा असतो की पाणी आत टिकूच शकत नाही. आणि गॅस बिनधास्त आरपार जातो, आत बाहेर सारखा चालू. आजूबाजूच्या पाण्यात जे गॅस विरघळलेत तेच आत येऊन बसतात. त्यामुळे गळण्याचा प्रश्नच नाही आणि म्हणून कुपी दिवसचे दिवस टिकते, बुडबुड्यासारखी विरत नाही.

बॉयलरमन

अच्छा! मग हे बाहेरून प्रेशर येणारं व्हेसल झालं, आमच्याकडे व्हॅक्यूम टँक असतो तसं. तिथे फुटायची भीती नसते, चेपायची असते. आणि चेपलं की एकदम चेपतं, थोडं थोडं नाही. त्यासाठी आम्ही बाहेरून रिंगा मारतो, स्टिफनर. इथे काही आहे का तसं?

मिठागर

तंतोतंत आहे, तुम्ही न बघता सांगितलंत. भिंत ज्या प्रोटीनची त्याला जीव्हीपी-ए म्हणतात, आणि तिच्या बाहेरून दुसरं प्रोटीन जीव्हीपी-सी चिकटतं ते निव्वळ बळकटीसाठी. ते काढलं तर कुपी मऊ पडते आणि कमी दाबाला चेपते.

आणि एकदम चेपतं हेही खरं. १८९५ मध्ये जर्मनीत क्लेबान नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने तरंगणारी शेवाळ बाटलीत काठोकाठ भरली, बूच घट्ट बसवलं आणि बुचावर हातोडा मारला. झालं, सगळी शेवाळ बुडाली. पेशी जिवंतच होत्या, आतली हवेची जागा तेवढी गेली. त्यावरून कळलं की आत गॅस आहे. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे अँथनी वॉल्सबी यांनी यावर आयुष्य काढलं. त्यांनी १९८० मध्ये सिनायच्या खाऱ्या डबक्यात चौकोनी जीव शोधला, पोस्टाच्या तिकिटासारखा सपाट, तो आतल्या कुप्यांच्या चमकीमुळेच नजरेत भरला. आज त्या जीवाला त्यांचंच नाव आहे. कोणी औषधासाठी म्हणून हे शोधलेलं नाही, पाण्यावर काय तरंगतं एवढ्याच कुतूहलापोटी शंभर वर्षं माणसं बघत राहिली म्हणून आज हे हातात आहे. आमच्या फील्डला 'याचा उपयोग काय' विचारणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो.

पेणकर

मिठागर दादा, तुमच्या आयडीवरून विचारतो, आमच्या आजोबांचं मिठाचं आगर होतं, उन्हाळ्यात पाणी लालसर व्हायचं. ते यातलंच का?

मिठागर

लाल रंग बहुतेक करून मीठप्रेमी आर्किया (बॅक्टेरियासारखेच दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) आणि एका शेवाळाच्या रंगद्रव्याचा असतो. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून तेच सांगितलं होतं, हॅलोआर्किया. त्यांच्यातल्या काही जातींत कुप्या असतात, सगळ्यांत नाही. लॅबमध्ये कुप्या काढायला जो हॅलोबॅक्टेरियम वापरतात तो याच कुळातला. तो वाढवला की बाटलीच्या वर गुलाबी साय धरते, ती साध्या पाण्यात घातली की मीठ कमी झाल्यामुळे पेशी आपोआप फुटतात आणि कुप्या वर तरंगून येतात, साय काढावी तशा काढायच्या. तुमच्या आजोबांच्या आगरात कुठली जात होती ते नमुना बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.

अबोली_क

धागा वाचून लिहितेय, नेहमी नुसती वाचक असते. माझ्या आईला आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलाय. हे कुठे मिळतं? मुंबईत असेल किंवा बाहेरच्या देशात, खर्चाचं आम्ही बघू. प्लीज कोणाला माहीत असेल तर सांगा.

सोनोवाली

अबोली, आधी आईंना नमस्कार सांग. आता सरळ सांगते. हे कुठेच मिळत नाही गं. आत्तापर्यंत जे काही लिहिलंय ते उंदरांवरचं आणि डिशमधल्या पेशींवरचं आहे, पेशंटवर वापरायला कुठल्याही देशात मान्यता नाही. कोणी या नावाने पैसे मागितले तर देऊ नकोस, कितीही मोठं नाव सांगितलं तरी. मी हा धागा आनंदाने काढला पण असं कोणीतरी वाचत असेल हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं, चुकलं माझं.

आज जे आहे ते विचार. लिव्हरमधल्या गाठी नीट दिसत नसतील किंवा किडनीमुळे सीटीचं कॉन्ट्रास्ट देता येत नसेल तर बुडबुड्यांची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी करता येईल का, हा प्रश्न तुझ्या ऑन्कोलॉजिस्टना विचार. ती भारतात होते. मला व्यनि (खाजगी निरोप) कर, रिपोर्ट वाचून समजावून सांगते, त्याचे पैसे नाहीत.

अबोली_क

थँक्यू ताई. खरं सांगितलंत ते बरं केलंत. व्यनि करते.

डेल्फ्टचा_पाऊस

मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला राहतो, फिजिक्सवाला, इथल्या या कामाशी माझा संबंध नाही पण लेक्चरं ऐकलीत. २०२३ मध्ये इथल्याच युनिव्हर्सिटीतल्या ग्रुपने या भिंतीचा अणूअणूचा आराखडा काढला, क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉनने बघतात तो), आणि त्याच वर्षी कॅलटेककडूनही ॲनाबिनाच्या कुपीचा आला. बरगड्यांसारख्या पट्ट्या वळसे घेत जातात.

सोनोवाली ताईंनी एक गोष्ट सोडली ती सांगतो, कारण मला तीच सगळ्यात आवडते. शरीरात मांसावरूनही आवाज परत येतो, मग कुपी वेगळी कशी ओळखायची? तर बॉयलरमन म्हणाले तसं ती चेपते, पण पूर्ण चेपायच्या आधी एक टप्पा असतो की भिंत आत वाकते आणि दाब गेला की परत सरळ होते. मग करायचं काय, एक जोरात आवाजाची लहर सोडायची आणि दोन अर्ध्या जोराच्या, आणि मोठ्यातून दोन्ही लहान वजा करायच्या. मांस इमानदार असतं, अर्ध्या जोराला अर्धं उत्तर देतं, त्यामुळे वजाबाकी शून्य. कुपी फक्त मोठ्या लहरीला वाकते त्यामुळे तिचं काहीतरी उरतं. जे उरलं ती कुपी! आणि मऊ केलेली कुपी, म्हणजे जीव्हीपी-सी नसलेली, जास्त उरते.

बॉयलरमन

म्हणजे ती रिंग असणं-नसणं हाच स्विच करता येईल?

डेल्फ्टचा_पाऊस

केलाय! २०२० मध्ये. जीव्हीपी-सी असं बदललं की ठरावीक एन्झाइम आलं की ते त्याला कापतं. एन्झाइम हजर तर रिंग तुटते, कुपी मऊ पडते, सिग्नल वाढतो. म्हणजे नुसती पेशी आहे की नाही एवढंच नाही, पेशीच्या आत आत्ता कुठलं केमिकल काम चालू आहे हे आवाजाने कळायची सोय. कॅल्शियमसाठीही असाच सेन्सर केलाय. आणि झेनॉन वायू वापरून एमआरआयमध्येही कुप्या दिसतात, २०१४ चंच काम, पण त्याला स्पेशल यंत्रणा लागते, सोनोग्राफीचं मशीन तालुक्याच्या गावी पण असतं.

सोनोवाली

पाऊस, किती छान सांगितलंत, माझ्या शिकाऊ डॉक्टरांना उद्या हेच सांगणार.

आता इलाजाचं. आवाजाचा जोर वाढवला की कुपी कायमची चेपते आणि आतली हवा बाहेर पडते. फ्रिक्वेन्सी कमी आणि दाब जास्त ठेवला तर त्या सुटलेल्या हवेतून मोठे बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि धाडकन कोसळतात, आणि शेजारच्या पेशीची चाळण करतात. २०२१ मध्ये शापिरोंच्याच टीमचं काम आलं, त्यात गाठीत जाऊन बसणाऱ्या बॅक्टेरियांना कुप्या बांधायला लावल्या आणि बाहेरून फोकस केलेल्या अल्ट्रासाउंडने ते बॅक्टेरिया गाठीच्या आतच फोडले. आधी सौम्य आवाजाने बघायचं कुठे पोचलेत, मग त्याच जागी जोराचा आवाज. बघणं आणि मारणं एकाच वस्तूने, माझ्यासारखीला यापेक्षा मोठं काय पाहिजे.

शाळाबाई

जिवंत बॅक्टेरिया मुद्दाम पेशंटच्या अंगात सोडायचे? वाचूनच काटा आला.

मिठागर

शाळाबाई, काटा येणं साहजिक आहे, पण हे आजही चालतं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बीसीजी, तीच टीबीची लस, जिवंत जंतू, मूत्राशयात सोडतात. आपल्याकडेही कित्येक वर्षं देतात. २०१८ च्या प्रयोगातला आतड्याचा जंतू नीसल १९१७ नावाचा, तो पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकाला हगवण लागली नाही त्याच्याकडून वेगळा केला होता आणि युरोपात पोटाच्या तक्रारींसाठी औषध म्हणून विकला जातो. गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी असतो, औषध नीट पोचत नाही, पण काही बॅक्टेरियांना तीच जागा आवडते. तरी भीती रास्तच आहे, कॅन्सरच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते, जंतू आवरता आले पाहिजेत.

गोळीवाला

मी बायोलॉजिक्स, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधांच्या प्लँटमध्ये आहे, प्रॉडक्शन. सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटतंय पण माझ्या बाजूने बघा. इंजेक्शनचं औषध शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून दाबाने गाळून निर्जंतुक करतो. कुपी अर्धा मायक्रॉन लांब, आणि दाब दिला की चेपणार. ऑटोक्लेव्ह तर विसराच, उष्णता आणि दाब दोन्ही. म्हणजे पहिल्या पायरीपासून सगळं निर्जंतुक वातावरणातच करावं लागणार, ते करता येतं पण महाग पडतं. दुसरं, हे बाहेरचं प्रोटीन आहे, शरीर अँटीबॉडी करणार, दुसऱ्या डोसला काय होईल ते बघायला हवं. तिसरं, पेशीनेच बांधायची म्हटलं तर नऊ जीन्स घालायची म्हणजे जीन थेरपीच झाली, त्या पेशीवरचा भार वेगळा. मला हे व्हायला हवंय, म्हणूनच लिहितोय.

सोनोवाली

गोळीवाला, अगदी पटलं. त्यात माझी एक भर, शिरेतून टोचली तर बऱ्याचशा कुप्या काही मिनिटांत लिव्हरमधल्या भक्षक पेशी खाऊन टाकतात. गाठीपर्यंत पोचायचं तर ही अडचणच. पण शापिरोंच्या लॅबने तिचाही उपयोग केलाय, खाल्लेली कुपी पेशी किती वेळात पचवते ते सोनोग्राफीत मोजलं की लिव्हरच्या त्या पेशी धड आहेत की नाही कळतं. फॅटी लिव्हरचे रिपोर्ट मी रोज ढिगाने देते, ग्रेड एक, ग्रेड दोन, आणि ते काम कसं करतंय याबद्दल अक्षर लिहू शकत नाही. माणसात कधी आलंच तर मला वाटतं पहिलं लिव्हरमध्ये येईल, कॅन्सरमध्ये नाही. हे माझं मत.

शाळाबाई

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. तो हातोड्याचा प्रयोग मुलांना दाखवता येईल का? गावच्या तळ्यावर दर उन्हाळ्यात हिरवी साय येते. काचेच्या बाटलीवर हातोडा मारायला नको वाटतं.

बॉयलरमन

बाई, हातोडा नको, सिरिंज घ्या, बिनसुईची. आणि लहान घ्या, मोठी नको! दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. २ मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या साधारण ९ मिमी व्यासाचा, त्यावर ५ किलोचा जोर दिला तर जवळजवळ ८ ॲटमॉस्फिअर, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या आठपट होतात. २० मिलीच्या सिरिंजला तेवढ्याच जोरात दीडच्या आसपास येतील. आत हवेचा बुडबुडा अजिबात ठेवू नका, नाहीतर तोच दबत राहील. तोंड रबराच्या तुकड्यावर टेकवून दाबा.

मिठागर

ॲनाबिनाच्या कुप्यांना ४ ते ६ ॲटमॉस्फिअर लागतात, काही शेवाळांना जास्त, त्यामुळे ८ ला दिसेल असं वाटतं. पण बाई, हातमोजे घालाच आणि मुलांना हात लावू देऊ नका, या सायीत विषारी जाती असतात. ते पाणी नंतर ब्लीच घालून टाका.

शाळाबाई

आठवड्याने लिहितेय. काल केलं. दोन सिरिंजा भरल्या, एक दाबली, एक तशीच, दोन्ही टोपी लावून ग्लासात उभ्या ठेवल्या. पहिल्यांदा जमलं नाही, रबर निसटलं. दुसऱ्यांदा शिपाईमामांनी दाबली. दाबल्या दाबल्या पाणी एकदम गडद आणि पारदर्शक दिसायला लागलं, आधी दुधाळ हिरवं होतं. मधल्या सुट्टीनंतर पाहिलं तर न दाबलेल्या सिरिंजमध्ये हिरवा थर वरती आणि दाबलेल्यात तळाशी. एका मुलीने विचारलं, बाई हे परत वर येईल का?

मिठागर

चेपलेल्या कुप्या परत फुगत नाहीत. पण पेशी जिवंत असतील तर नवीन बांधतात. उजेडात ठेवा आणि रोज बघायला सांगा तिला.

शाळाबाई

ठेवलंय खिडकीत. वहीत तारीख घालून ती स्वतःच लिहून ठेवतेय.